क्वायर शिकवायचंय, पण नोकरी कुठाय?

ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय २२, बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, गांधर्वच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत झाल्यात. कॉलेजातल्या मैत्रिणीमुळं दोन वर्षांपासून कॅम्पातल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. मागच्या ख्रिसमसला आमचे सर आजारी पडले, शेवटच्या पाच प्रॅक्टिस मी घेतल्या आणि कार्यक्रमात पण मीच पुढं उभी राहिले. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. मला क्वायर कंडक्टिंग शिकायचंय आणि शाळेत मुलांना संगीत शिकवायचंय. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, गाणं काय घरात बसून पण होतं. मला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) नीट वाचता येत नाही, पियानो येत नाही. असं करिअर खरंच असतं काय? की उशीर झालाय?
— पेटीवाली, खानापूर

पेटीवाली,

शेवटच्या पाच प्रॅक्टिस मी घेतल्या, ही ओळ तू अशी घाईत लिहून टाकलीस की जणू त्यात काही विशेष नाही. मला विचारशील तर सगळं तिथंच आहे. कार्यक्रमात पुढं उभं राहून हात हलवणं लोकांना दिसतं, पण ते काम फार थोडं. खरं काम प्रॅक्टिसमध्ये असतं, दिवसभर कॉलेज नोकरी करून दमून आलेली वीस माणसं, त्यातली दोन उशिरा आलेली, एकीचा घसा बसलेला, टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, एकच माणूस आणि तो पण सूर सोडतोय, आणि दीड तासात तुला त्यांच्याकडून चार ओळी नीट करून घ्यायच्यात आणि परवा ती सगळी परत आली पाहिजेत. तू दुसऱ्या प्रॅक्टिसला बोलावलंस तेव्हा माणसं आली ना? पाचव्याला पण आली ना? मग तुझ्यात काहीतरी आहे हे धरून मी पुढं लिहिते.

आता नोकरीचं. खोटं बोलून तुला बरं वाटायला लावणार नाही. नुसता क्वायर कंडक्टर म्हणून महिन्याला पगार देणारी जागा बेळगाव, धारवाड, कोल्हापूर या पट्ट्यात मी आजवर बघितलेली नाही. पण हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. अमेरिकेत एवढे क्वायर आहेत तरी तिथले बहुतेक कंडक्टर पोटापाण्यासाठी शाळेत नाहीतर कॉलेजात शिकवतात, नाहीतर चर्चमध्ये नोकरीला असतात. तिथं पहिली डिग्री बहुतेक वेळा म्युझिक एज्युकेशनची घेतात, ती केली की शाळेत शिकवायचं लायसन्स मिळायची वाट मोकळी होते, आणि कंडक्टिंग हा विषय मुख्यतः मास्टर्सला नाहीतर डॉक्टरेटला येतो. म्हणजे आधी शिक्षक, मग कंडक्टर. तुला दोन्ही हवंय म्हणतेस, तर तुझी वाट उलटी नाही, सरळच आहे.

आपल्या देशात ज्यांनी हे उभं केलं त्यांना पण कुणी पोस्ट काढून बोलावलं नव्हतं. मुंबईत व्हिक्टर परंज्योतींनी १९५६ मध्ये स्वतःचा कोरस उभा केला, त्यांच्यानंतर पण तो चालू राहिला. मद्रासला एम. बी. श्रीनिवासन मल्याळम सिनेमाला संगीत देत देत युथ क्वायर चालवायचे, आणि तिथं भारतीय भाषांतली गाणी वेगवेगळ्या आवाजांत बांधून गाऊन घ्यायचे. शिलाँगचे नील नाँगकिनरिह लंडनमध्ये पियानो शिकलेले, तिकडं राहता आलं असतं, पण घरी परतले आणि २००१ मध्ये तिथल्या मुलामुलींना घेऊन शिलाँग चेंबर क्वायर सुरू केला. नऊ वर्षांनी, २०१० ला, टीव्हीवरची स्पर्धा जिंकल्यावर देशाला त्यांचं नाव कळलं. ती मधली नऊ वर्षं बघ. २०२२ मध्ये ते गेले. आणि आपल्या मराठीतलंच सांगायचं तर वसंत देसाई, एवढे मोठे सिनेमाचे संगीतकार, त्यांनी शाळेतल्या मुलांच्या समूहगायनासाठी केवढं काम केलं.

उशीर झाला काय म्हणून विचारलंयस. नाही झाला. कंडक्टरचं वाद्य म्हणजे दुसऱ्यांचे आवाज, ते सहाव्या वर्षी कुणाच्याच हातात येत नाही. आणि तू रिकाम्या हातानं येत नाहीयेस. भजनी मंडळ म्हणजे दुसरं काय गं? बुवा एक चरण म्हणतात, मागून पंधरा माणसं उचलतात, पखवाज चढतो तसा टाळ चढतो, आणि कुणी कुणाला न सांगता सगळे एकदम थांबतात. हे कान तुला फुकट मिळालेत. युरोपात याच गोष्टीसाठी पद्धती बसवाव्या लागल्या. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेननं एकोणिसाव्या शतकात डो रे मी हातांच्या खुणांनी शिकवायला घेतलं, पुढं हंगेरीत झोल्टान कोडाय यांच्या विचारांवर तिथल्या शाळांतलं संगीत उभं राहिलं, त्यात पण त्या खुणा आल्या. त्यातला डो हलता असतो, म्हणजे कुठल्याही पट्टीत पहिला सूर तो डो. आपला सा तसाच की. तुला काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा आणि काळी चारचा सा वेगळा समजावून सांगावा लागत नाही, स्टाफ नोटेशनवाल्या कितीतरी मुलांना तो सांगावा लागतो. म्हणून नोटेशनला घाबरू नकोस, रेघांवर सा कुठं बसलाय ते एकदा सापडलं की बाकीचं तुझ्या कानाला आधीच माहीत आहे.

पण तुझ्या नावातच तुझी अडचण आहे. पेटी. बसून, डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि गाणारे सगळे पेटीच्या आवाजाला टेकून. पेटी पूर्ण चाल वाजवत राहिली की गाणाऱ्याला शेजारच्याचं ऐकायची गरजच उरत नाही, सगळे पेटीला चिकटतात आणि एकमेकांना सोडतात. आमच्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरेंसारखा पेटीवाला होऊन गेला, नव्वदी ओलांडेपर्यंत शिष्य घडवत होते, तेव्हा पेटीला कमी लेखायचं माझ्या मनात पण येणार नाही. पण क्वायर घ्यायचा तर सा दे, लागेल तर पंचम दे, आणि भाता लावून उभी राहा. तानपुऱ्याचं अ‍ॅप चालू ठेव पाहिजे तर. पहिले आठ दिवस भयंकर वाटेल, सगळे खाली उतरतील, उतरू दे. कुठल्या सुरावर उतरतात ते ऐक, तोच तुझा पुढचा धडा.

दुसरं, हाताचं. टाळ बरोबर समेवर पडतो. कंडक्टरचा हात समेच्या आधी बोलतो. चारच्या ठेक्यात हात खाली, आत, बाहेर, वर असा फिरतो हे यूट्यूबवर दहा मिनिटांत कळतं, पण गाणं सुरू व्हायच्या आधीची जी एक मात्रा आहे ना, जिच्यात हात उचलायचा आणि स्वतः श्वास घ्यायचा, ती शिकायला वर्ष जातं. तू श्वास घेतलास तर समोरचे घेतात, तू छाती आखडून धरलीस तर त्यांचा आवाज पण आखडतो. हे बघायला लांब जायला नको, बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरचा बँड कधी वाजताना मिळाला तर बँडमास्टरचा फक्त पहिला उचललेला हात बघ, बाकी काही बघू नकोस. सैन्याचे बँडमास्टर मध्य प्रदेशात पचमढीला शिकून येतात, त्यांच्या हातात शिस्त दिसते.

आता मुलांचा आवाज. शाळेत जायचं असेल तर मला वाटतं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपल्याकडं यावरच सगळ्यात कमी बोलतात. बाई स्वतः काळी चारला गातात म्हणून वर्ग पण काळी चारला. मग मंद्रातलं, म्हणजे खालच्या सप्तकातलं, काही आलं की चौथीच्या मुलांना ते सूर सापडतच नाहीत, नुसती पुटपुटतात, आणि वर गेलं की आपण "जोरात म्हणा" म्हणून ओरडतो आणि ती घसा ताणून किंचाळतात. लहान मुलांना मोकळं गाता येतं ते साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत. गाणं त्यात बसतंय काय बघ आणि त्याप्रमाणं पट्टी ठरव, तुझ्या गळ्याप्रमाणं नको. आणि जोरात हा शब्दच वर्गात आणू नकोस. "लांब बसलेल्या आजीला ऐकू जाऊ दे" म्हण, मुलं आपोआप तोंड उघडतात.

आणि आवाज फुटणारे मुलगे. बारा ते पंधरा वयात स्वरयंत्र वाढतं, आवाज बसेपर्यंत जवळजवळ सप्तकभर खाली येतो आणि मधले महिने तो कधी कुठं घसरेल सांगता येत नाही. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सातवीतला एक मुलगा, आमच्या समूहगीतातला सगळ्यात चांगला आवाज, स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी त्याचा आवाज फुटायला लागला. मी त्याला म्हटलं, तू नुसतं तोंड हलव. स्पर्धेत नंबर आला. तो मुलगा नंतर शाळा सुटेपर्यंत गायला नाही, प्रार्थनेत पण नाही. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं की त्याला चार-पाच सुरांची एक खालची ओळ वेगळी बांधून दिली असती तर तो त्यातच राहिला असता आणि गाण्याला पण दुसरा आवाज मिळाला असता. आज सत्तावीस वर्षांनी पण नंबर कितवा आला होता ते आठवत नाही, त्याचा चेहरा आठवतो. तुझ्या वर्गात असा मुलगा येणारच आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

शिक्षणाचं. बी.कॉम. सोडू नकोस, संपव. मग संगीताची विद्यापीठाची डिग्री घे. विशारद पण पूर्ण कर, तुझी मध्यमा झालीच आहे, पण नुसत्या विशारदवर अवलंबून राहू नकोस, कारण काही जाहिरातींत विशारद चालते आणि काहींत विद्यापीठाचीच डिग्री मागतात, आणि ते दर वेळी जाहिरात वाचूनच कळतं. कर्नाटकच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत परीक्षा पण आहेत, धारवाड तर हिंदुस्थानी गाण्याचं माहेरच, बेळगावात केएलईचं संगीत महाविद्यालय आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं त्यात तुझं गाव असेल तर सीमाभागातल्या मुलांसाठीच्या सवलतींची चौकशी नक्की कर, रहिवासी दाखला वेळेत काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात तहसीलमध्ये पळापळ नको.

या सगळ्या डिग्र्यांत क्वायर कंडक्टिंग जवळजवळ शिकवत नाहीत, ते तुला शेजारून गोळा करावं लागेल. कीबोर्ड सुरू कर, आजच, ६१ पट्ट्यांचा साधा सेकंडहँड चालेल. दोन्ही हातांनी चार आवाज एकदम वाजवून दाखवता आले पाहिजेत, एवढंच लक्ष्य, मैफल करायची नाहीये. थिअरीसाठी लंडनच्या एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा असतात, एबीआरएसएममध्ये सहावी ते आठवी ग्रेड वाजवायची तर आधी थिअरीची (नाहीतर तिच्याऐवजी चालणारी दुसरी) पाचवी ग्रेड पास व्हावी लागते, तेवढी थिअरी दीड-दोन वर्षांत तुझ्याकडून होईल. गोवा तुला जवळ आहे, खानापूरहून लोंढा, अनमोड करून उतरायचं. पणजीत कांपालला कला अकादमी आहे, तिथं वेस्टर्न म्युझिक शिकवतात, आणि गोव्यात चर्चमुळं चार आवाजांत गाणं घराघरांत पोचलंय. कुठल्या क्वायरच्या मास्टरना नुसतं विचार, मी मागं बसून तुमची प्रॅक्टिस बघू काय. कार्यक्रम बघायला सगळे येतात, प्रॅक्टिस बघायला येणारी विरळा असते, नाही म्हणायचे नाहीत. चेन्नईला ए. आर. रहमाननी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी पण आहे पण खर्च बघूनच विचार कर. परदेशाचं वेड आत्ता नको, पण एक नाव लिहून ठेव, हंगेरीत केचकेमेत गावी १९७५ पासून कोडाय इन्स्टिट्यूट आहे, शाळेतलं संगीत आणि क्वायर हेच तिथले मुख्य विषय, आणि हंगेरी सरकारच्या स्टिपेंडियम हंगारिकम स्कॉलरशिपला भारतातून अर्ज करता येतो. चार-पाच वर्षांनी, हाताशी काम असेल तेव्हा. असल्या ठिकाणी कार्यक्रमाच्या व्हिडिओबरोबर प्रॅक्टिस घेतानाचा व्हिडिओ पण मागू शकतात, तो कर्ज काढून मिळत नाही.

नोकऱ्या कुठं? केंद्रीय विद्यालयात प्राथमिकला संगीत शिक्षकाची जागा असते, बारावीला ५० टक्के आणि संगीताची डिग्री मागतात, सातव्या वेतन आयोगाप्रमाणं मूळ पगार ३५,४०० पासून. नवोदयमध्ये पण संगीत शिक्षक असतात, आपल्या जिल्ह्यात कोथळीला नवोदय आहे. भरती दरवर्षी निघत नाही, जागा थोड्या, आणि बदली देशात कुठं पण होते, हे बाबांना आधीच सांग. बाकी बेळगावातल्या खासगी सीबीएसई, आयसीएसई शाळा. तिथं पगार शाळेप्रमाणं, कधी चांगला, कधी लाज वाटावी एवढा. सरकारी मराठी शाळेत संगीताची जागा निघेल म्हणून वाट बघत बसू नकोस.

आणि कन्नड. लिहिता, वाचता, गाता आलंच पाहिजे. इथं यावर मनं किती दुखावलेली आहेत ते मला माहीत आहे, मी पण इथलीच आहे. पण तुझ्या वर्गात मराठी घरातलं आणि कन्नड घरातलं पोर एकाच बाकावर बसणार आहे. प्रतिभा कारंजीला, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या सरकारी कलास्पर्धेला, समूहगीत बसवायचं तर कन्नड गाणं येणारच. आपली मराठी मुलं कन्नड गाताना एक चूक हमखास करतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओचं पण तसंच, आपल्याकडं तो फरक नाही, म्हणून आपण सगळे ए लांबवतो आणि अर्थ बिघडतो. एखाद्या कन्नड बाईंना बसवून आधी गाण्याचे नुसते शब्द वाचून घे, चाल नंतर. तशीच ना. वा. टिळकांची मराठी भजनं चर्चमध्ये म्हणताना कानडी घरातल्या मंडळींना तू च आणि ज चे दोन उच्चार शिकवू शकतेस. दोन्ही बाजूंचं ऐकू येणारी माणसं इथं लागतात.

शिकता शिकता कमाई पण होते. प्रतिभा कारंजी, भारत विकास परिषदेची समूहगान स्पर्धा, गॅदरिंग, यासाठी शाळा महिना-दोन महिन्यांसाठी बाहेरून कुणाला तरी बोलावतात. जा. पण पैसे किती आणि कधी ते पहिल्या दिवशी बोलून घे, लाजू नकोस. मी एका शाळेत तीन महिने गाणी बसवली, शेवटी शाल आणि नारळ मिळाला.

बाबांशी भांडू नकोस. गाणं घरात बसून पण होतं म्हणतात ते खरंच आहे की, पण क्वायर घरात बसून होत नाही, त्याला वीस माणसं लागतात, हे त्यांना दाखवावं लागेल, सांगून पटणार नाही. डिग्री संपल्यावर दोन वर्षं मागून घे. दोन वर्षांत संगीताच्या डिग्रीला प्रवेश, थिअरीची पाचवी ग्रेड, आणि स्वतःचा मुलांचा क्वायर, एवढं नाही झालं तर बँकेची परीक्षा देईन असं म्हण आणि तसंच वाग. बँकेत जाऊन पण संध्याकाळी क्वायर घेता येतो, ती हार नाही.

तो मुलांचा क्वायर मात्र या सुट्टीतच सुरू कर. गावातली पंधरा पोरं, आठ ते बारा वयाची, देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या एका खोलीत, आठवड्यातून दोनदा पाऊण तास. भूप रागातली छोटी सरगम घे, आठ मात्रांची ओळ, दोन ओळी पुरेत. आधी सगळ्यांनी एकत्र. मग अर्ध्यांनी नुसता सा धरायचा, अर्ध्यांनी सरगम. मग दोन गट, दुसऱ्या गटानं आठ मात्रा उशिरा उचलायचं. भूपमध्ये म आणि नी नाहीत, त्यामुळं सूर एकमेकांवर आले तरी फारसे टोचत नाहीत, मुलांना पहिल्या दिवशी दोन आवाज ऐकू येतात आणि त्यांचे डोळे मोठे होतात, ते तू बघच. लय पळायला लागली तर शब्द काढून टाक आणि तीच चाल मात्रांच्या आकड्यांवर गाऊन घे, एक दोन तीन चार. रॉबर्ट शॉ नावाचे मोठे अमेरिकन कंडक्टर होऊन गेले, ते मोठमोठ्या क्वायरकडून पण असंच आकड्यांवर गाऊन घ्यायचे.

मोबाईल खिडकीत ठेवून प्रत्येक वेळी रेकॉर्ड कर, घरी जाऊन ऐक, पण गाणं ऐकू नकोस, तू किती बोललीस ते मोज. तू पाच मिनिटं बोललीस आणि मुलं दोन मिनिटं गायली असं निघालं तर पुढच्या वेळी उलटं कर. सहाव्या आठवड्याचं रेकॉर्डिंग मला पाठव, आणि ते पेटी बंद असतानाचं पाठव.